सिंगापूरला संसार हलवताना: आधी पास, मग घर, मग बाकीचं

नाशिकच्या एका ताईंनी विचारलं आहे: नवऱ्याला सिंगापूरला आयटीतली नोकरी मिळाली, एम्प्लॉयमेंट पासचं, म्हणजे परदेशी नोकरदाराला लागणाऱ्या परवान्याचं, तत्त्वतः मंजुरीचं पत्र हातात आलं, दोन महिन्यांत निघायचं आहे. मुलगा पाच वर्षांचा. त्या स्वतः नाशिकला बँकेत नोकरी करतात आणि ती सोडावी का, हे ठरत नाहीये. घर कुठे बघावं, सामान काय न्यावं, शाळेचं कसं, सासूबाईंना पुढे नेता येईल का, असे बरेच प्रश्न आहेत. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: "मी तिथे दिवसभर काय करणार?"

ताई, मी २००९ साली अशीच डिपेंडंट पासवर, म्हणजे कमावत्या माणसाच्या कुटुंबाला मिळणाऱ्या पासवर, इथे आले. गेली अकरा वर्षं भारतातून येणाऱ्या कुटुंबांना घर, शाळा आणि कागदपत्रं लावून देण्याचं काम करते. या वर्षांत जेवढी घरं अडचणीत आलेली पाहिली, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ एकच होतं. इथे परदेशी कुटुंबाचा सगळा संसार एकाच खुंटीला टांगलेला असतो आणि ती खुंटी म्हणजे कमावत्या माणसाचा पास. घराचा करार, मुलाची शाळा, तुमचा मुक्काम, सगळं त्याच्यावर. म्हणून मी सगळी उत्तरं त्या खुंटीकडे बघतच देते. नियम दरवर्षी थोडे हलतात, तेव्हा आकडे मनुष्यबळ मंत्रालयाच्या, म्हणजे इथल्या भाषेत 'एमओएम'च्या संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्या.

आधी कागद. एम्प्लॉयमेंट पाससाठी २०२५ पासून किमान पगार महिना ५,६०० सिंगापूर डॉलर आहे, वित्तक्षेत्रात ६,२००, आणि वय वाढेल तशी ही मर्यादाही वर चढते. पण बायको-मुलांना आणायला पगार किमान ६,००० लागतो. तुमच्या मिस्टरांच्या पत्रातला आकडा आधी हा बघा, आणि त्यात 'निश्चित मासिक पगार' काय लिहिलाय ते बघा. बोनस त्यात धरत नाहीत. तुमचा आणि मुलाचा डिपेंडंट पास कंपनीच मागते, तुम्हाला परस्पर अर्ज करता येत नाही. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला लागतो. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आत्ताच करून घ्या. पासपोर्टवरचं आणि दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, हेही आत्ताच बघा. आपल्याकडे लग्नानंतर एका कागदावर सासरचं आडनाव आणि दुसऱ्यावर माहेरचं असं सर्रास असतं, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं.

मुलाच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांना शेवटच्या आठवड्यात कळते. परदेशात जन्मलेल्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाचा पास मागण्याआधी गोवर आणि घटसर्प यांच्या लशी झाल्याची पडताळणी आरोग्य खात्याकडून ऑनलाइन करून घ्यावी लागते. आपल्या लसीकरणाच्या कार्डावर डॉक्टरांचं अक्षर लागत नाही, कुठे नुसती बरोबरची खूण असते, तारीखच नसते. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून लशीचं नाव आणि तारीख छापलेलं, सहीशिक्क्याचं एक पत्र घेऊन ठेवा. एखादा डोस राहिला असेल तर तो नाशिकलाच देऊन घ्या.

मंजुरीच्या पत्रावर एकदा प्रवेश करण्याचा व्हिसा आलेलाच असतो, वेगळा काढावा लागत नाही. येण्याच्या तीन दिवस आधीपासून 'एसजी अरायव्हल कार्ड' भरायचं, इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या अॅपवर. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी पानं इंटरनेटवर आहेत, त्यांच्यावर कार्डाचा नंबर टाकू नका. आल्यावर पास जारी होतो, मग बोटांचे ठसे आणि फोटो, आणि काही दिवसांत कार्ड घरी. त्यावरचा 'फिन' नंबर पाठ करून टाका, बँकेपासून दवाखान्यापर्यंत तोच विचारतात. फिन मिळाला की पहिलं काम 'सिंगपास' काढणं. हे सरकारी ओळखीचं अॅप आहे, आणि ते दोघांचंही वेगवेगळं काढा. मी कितीतरी बायका बघितल्या ज्यांचं सगळं नवऱ्याच्या फोनवर असतं आणि तो दौऱ्यावर गेला की यांचं साधं बँकेचं कामही अडून बसतं.

आता तुमच्या नोकरीबद्दल. हा प्रश्न तुम्ही मधेच घातला आहे, पण माझ्या मते तोच सगळ्यात वरचा आहे.

मी आले तेव्हा डिपेंडंट पासवरच्या बाईला नोकरी मिळाली की एक संमतिपत्र काढून काम सुरू करता यायचं. १ मे २०२१ पासून ते बंद झालं. आता तुम्हाला इथे नोकरी करायची तर तुमच्या कंपनीने तुमच्यासाठी स्वतंत्र वर्क पास मागायचा, त्याच पगाराच्या आणि शिक्षण वगैरेंवर मिळणाऱ्या गुणांच्या अटींवर. बँकेतला अनुभव असलेल्यांना असं काम मिळतं, मिळालेल्या बायका मला माहीत आहेत, पण वेळ लागतो. सहा महिने, कधी वर्ष. स्वतःचा व्यवसाय काढायचा झाला तर किमान ३० टक्के हिस्सा, आणि नूतनीकरणाच्या वेळी एका स्थानिक माणसाला ठरलेल्या पगाराची नोकरी दिलेली असणं, अशा अटी आहेत. आणि हे मी मुद्दाम लिहिते: घरून डबे देणं, दिवाळीचा फराळ विकणं, सोसायटीतल्या मुलांच्या शिकवण्या घेणं, हे सगळं इथे 'काम' धरतात आणि परवान्याशिवाय ते बेकायदा आहे. "सगळ्या जणी करतात" असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. पण पकडल्या जाणाऱ्या बाईबरोबर तिच्या नवऱ्याच्या आणि मुलांच्या पासवरही संकट येऊ शकतं. खुंटी एकच आहे.

म्हणून माझं सांगणं असं. राजीनामा देऊन टाकू नका. बँकेकडे बिनपगारी रजा मागा, वर्षाची मिळाली तर उत्तम. रजा मिळत नसेल तर निदान निघायच्या आधीच इथे अर्ज करायला लागा, आल्यावर 'स्थिरस्थावर होऊन मग बघू' यात दीड वर्ष कसं जातं ते कळत नाही.

नोकरी गेली तर काय, हे कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. शेवटच्या दिवसानंतर आठवडाभरात कंपनी पास रद्द करते, आणि मग साधारण ३० दिवसांचा मुक्कामाचा पास मिळतो. तुमचे आणि मुलाचे पासही त्याबरोबरच संपतात. तेवढ्या दिवसांत दुसरी नोकरी किंवा सामान बांधणं. त्यातच कंपनी करखात्याला कळवते आणि कराचा हिशेब मिटेपर्यंत शेवटचा पगार रोखून धरते. ते कायद्यानेच आहे, कंपनीवर रागावून उपयोग नाही. तेव्हा इथल्या खर्चाचे किमान चार महिन्यांचे पैसे हाताशी असल्याशिवाय गाडी, मोठं फर्निचर, महागडी शाळा यांतलं काहीही ठरवू नका.

घर. इथली दर पाचांतली जवळपास चार माणसं सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे 'एचडीबी'च्या इमारतींत राहतात. आपल्याकडे म्हाडा म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर येतं ते इथे लावू नका. लिफ्ट, बाग, खाली दवाखाना, बाजार, बसथांबा, सगळं असतं. दुसरा पर्याय कॉन्डो, म्हणजे खासगी संकुल, तिथे पोहण्याचा तलाव आणि पहारा, आणि भाडं त्या मानाने. भाषेतला एक घोळ आधीच समजून घ्या: एचडीबी हॉलही खोली म्हणून मोजते. 'फोर-रूम' म्हणजे आपलं थ्री बीएचके, 'थ्री-रूम' म्हणजे टू बीएचके. फोर-रूमचं भाडं आता बहुतेक भागांत महिना तीन हजार डॉलरच्या वर आहे. तुम्हा तिघांना थ्री-रूम पुरेल. सासूबाई येतील तेव्हाही पुरेल.

कुठे? मिस्टरांच्या ऑफिसपासून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, शक्यतो गाडी न बदलता, अर्ध्या-पाऊण तासाच्या आत. पूर्वेला टॅम्पिनीस, बेडोक. ईशान्येला पुंगोल, सेंगकांग. पश्चिमेला जुराँग, क्लेमेंटी. उत्तरेला वुडलँड्स, यीशून. सगळीकडे आपली माणसं आहेत. लिटल इंडियाजवळच राहायला हवं असं काही नाही. कढीपत्ता, ज्वारीचं पीठ आणि कोकम आता बहुतेक वसाहतींतल्या भारतीय दुकानांत मिळतं.

एचडीबीचं घर सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देता येत नाही, आणि आपल्यासारख्या परदेशी भाडेकरूला एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. कॉन्डोला किमान तीन महिने. त्यामुळे पहिल्या महिन्यासाठी सर्व्हिस अपार्टमेंट किंवा हॉटेल बघा. कोणी आठ-पंधरा दिवसांसाठी घर देतो म्हणाला तर ते बेकायदा आहे, घेऊ नका. प्रत्येक परिसरात आणि इमारतीत किती घरं परदेशी लोकांना द्यायची याचाही कोटा असतो, तेव्हा मालकाने मंजुरी घेतली आहे का ते विचारा. करारानंतर तुमची नावं एचडीबीकडे भाडेकरू म्हणून नोंदली आहेत ना, हे त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासता येतं. तपासाच. नोंद नसलेल्या घरात राहिलं तर निघायची वेळ तुमच्यावर येते.

एजंटचा नोंदणी क्रमांक 'सीईए'च्या, म्हणजे घरांच्या एजंटांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, यादीत टाकून बघा, फोटो आणि फोन नंबर जुळला पाहिजे. एकच एजंट दोन्ही बाजूंचा असू शकत नाही. एचडीबीच्या भाड्याचे किंवा अनामतीचे पैसे एजंटने हातात घेणं नियमात बसत नाही, ते थेट मालकाच्या खात्यात जातात. घर स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने डोळ्यांनी बघितल्याशिवाय भारतातून एक डॉलरही पाठवू नका.

प्रथा अशी की एक वर्षाच्या कराराला एक महिन्याची अनामत, दोन वर्षांच्या कराराला दोन महिन्यांची. मुद्रांक शुल्क भाडेकरूने भरायचं: एकूण भाड्याच्या ०.४ टक्के, सही झाल्यापासून १४ दिवसांत. ३,२०० डॉलर भाडं आणि दोन वर्षं धरली तर एकूण भाडं ७६,८००, शुल्क ३०७ डॉलर. करार दोन वर्षांचा असेल तर त्यात 'डिप्लोमॅटिक क्लॉज' आहे ना, हे तुम्ही स्वतः वाचा. नोकरी गेली किंवा बदलीवर जावं लागलं तर सहसा बारा महिन्यांनंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन घर सोडता येतं, ते या कलमामुळे. पहिला पासही बहुधा दोनच वर्षांचा असतो आणि नूतनीकरण आपोआप होत नाही. पास संपण्याच्या तारखेपलीकडे जाणारा करार कधीच करू नका.

हे मी पोळून शिकले आहे. आमच्या पहिल्या घराच्या लाकडी जमिनीवर आधीपासून डाग होते. आम्ही फोटो काढले नाहीत, सामानाच्या यादीवर न वाचता सही केली, आणि दोन वर्षांनी मालकाने अनामतीतले बाराशे डॉलर कापले. भांडायला हातात काही नव्हतं. आता मी प्रत्येक कुटुंबाला ताबा घेतल्याच्या दिवशी तासभर थांबवते: प्रत्येक भिंत, गिझर, एसीचं पाणी, कपाटाच्या बिजागऱ्या, सगळ्याचे फोटो, आणि ते त्याच दिवशी मालकाला पाठवायचे. एसीची सफाई साधारण दर तीन महिन्यांनी भाडेकरूने करून घ्यायची असते, त्या पावत्या जपा. तरीही वाद झालाच तर दोन वर्षांपर्यंतच्या भाडेकराराचे वीस हजार डॉलरपर्यंतचे दावे स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये वकिलाशिवाय नेता येतात.

आणि एक दुखरी गोष्ट. काही मालक भारतीयांना घर देत नाहीत, आणि काही जण 'लाइट कुकिंग' म्हणजे जुजबी स्वयंपाकाची अट घालतात. फोडणीचा वास भिंतींना बसतो असं त्यांचं म्हणणं. नकार ऐकला की वाईट वाटतं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण लपवून घर मिळवू नका. पहिल्याच फोनवर सांगा की रोज दोन वेळचा स्वयंपाक होतो, आणि करारात तसं लिहून घ्या. ज्याला चालतं असा मालक मिळतो, दहा घरं बघावी लागली तरी मिळतो.

बऱ्याच एचडीबी घरांत जाड पोलादी दाराची एक छोटी खोली असते. ती युद्धकाळातला निवारा आहे. सामान ठेवा, पण तिच्या भिंतीला खिळा ठोकू नका. कपडे वाळवायला खिडकीबाहेर बांबू असतात, ते नीट अडकवा. वरून काही पडलं तर तो इथे गुन्हा आहे, मग कुंडी असो की गुढीचा तांब्या. गुढी आम्ही खिडकीच्या आत, गजाला घट्ट बांधून उभारतो.

सामानात काय घालायचं यापेक्षा काय घालायचं नाही ते आधी सांगते. खसखस आणू नका. इथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध मालात येते, आणि अनारशावरची खसखस आई प्रेमाने बांधून देते तेव्हा हे कोणाच्या मनातही येत नाही. गुटखा, जर्दा, खैनी, तंबाखूची मशेरी नको, जवळ बाळगणंही गुन्हा आहे. व्हेप अजिबात नको. च्युइंग गमच्या आयातीवर १९९२ पासून बंदी आहे. सिगारेटला करमाफी नाही, एक पाकीटही जाहीर करावं लागतं. नेहमीची औषधं तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि झोपेच्या गोळ्या यांना आधी परवानगी लागते. आणि ताई, विमानतळावर कोणी "माझ्या भावाला एवढं पाकीट द्या" म्हणालं तर ओळखीचं असलं तरी नाही म्हणा. अमली पदार्थांच्या तस्करीला इथे फाशी आहे, आणि बॅग तुमची असते.

आणायचं ते असं: कुकर, पोळपाट-लाटणं, मिक्सर (वीज २३० व्होल्टच आहे, फक्त प्लग तीन चपट्या पिनांचा), चष्म्याची जास्तीची जोडी, मुलाची मराठी पुस्तकं. रेशमी साड्या दोन-तीनच आणा. विषुववृत्ताच्या एक-सव्वा अंश वर असलेल्या या बेटावर बारा महिने दमट असतं, कपाटात कातडी चपलांना बुरशी येते आणि जर काळी पडते. मी माझी पैठणी मऊ सुती कापडात गुंडाळून, ओल शोषणाऱ्या डब्यांसह ठेवते आणि महिन्यातून एकदा एसीच्या खोलीत उलगडते.

पैशांचं थोडक्यात. पगारातून दरमहा कर कापला जात नाही. जानेवारी ते डिसेंबरचा हिशेब पुढच्या वर्षी १८ एप्रिलपर्यंत ऑनलाइन भरायचा आणि मग बिल येतं. पगार अख्खा हातात पडतो म्हणून तो सगळा आपलाच वाटतो, आणि पहिल्या बिलाला धाप लागते. एक महिन्याचा पगार वेगळा ठेवा. बिल 'जायरो'ने, म्हणजे बँक खात्यातून परस्पर वळतं करून, बिनव्याजी बारा हप्त्यांत फेडता येतं. परदेशी माणसाला इथली भविष्यनिर्वाह योजना, सीपीएफ, लागू नाही. कंपनी त्यासाठी काही भरत नाही, म्हातारपणाची बचत तुमची तुम्ही करायची. निघाल्यावर नाशिकच्या बँकेला कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करून घ्या, हे तुम्हाला मी सांगायला नकोच. चालू असलेलं पीपीएफ खातं मुदत संपेपर्यंत चालवता येतं. २०२३ पासून इथलं 'पेनाऊ' आणि आपलं यूपीआय जोडलेलं आहे, घरी थोडे पैसे पाठवायला सोयीचं.

दवाखाना महाग आहे आणि सरकारी सवलत नागरिकांना आणि कायम रहिवाशांना. तुम्हाला सरकारी रुग्णालयातही पूर्ण दर लागतो. एम्प्लॉयमेंट पासवाल्यांचा वैद्यकीय विमा काढणं कंपनीवर बंधनकारक नाही, तेव्हा कंपनी काढते का आणि त्यात तुम्ही आणि मुलगा आहात का, बाळंतपण आहे का, जुने आजार आहेत का, हे सही करण्याआधी लेखी विचारा. नसेल तर स्वतः काढा, यात काटकसर नको. ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन ९९५, पोलीस ९९९. मुलाला पहिल्या आठवड्यात हे दोन आकडे आणि घराचा ब्लॉक क्रमांक शिकवा. डेंग्यूही आहे, तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. पर्यावरण खात्याची माणसं घरात येऊन बघतात आणि अळी सापडली तर दंड होतो.

शाळा. इथे मूल ज्या वर्षी सात वर्षांचं होतं त्या वर्षीच्या जानेवारीत पहिलीत जातं, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. सरकारी शाळा फार चांगल्या आहेत, पण पहिलीच्या प्रवेशात परदेशी मुलांचा नंबर शेवटच्या फेरीत लागतो आणि जागेची खात्री नसते. पुढच्या इयत्तांसाठी 'एईआयएस' ही प्रवेशपरीक्षा. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळाही आहेत. नोकरी किती दिवसांची ते ठाऊक नसताना मी भारतीय अभ्यासक्रमच सुचवते. परतायची वेळ आली तर वर्ष वाया जात नाही. मातृभाषा म्हणून सरकारी शाळांत तमिळखेरीज हिंदी, बंगाली, पंजाबी, गुजराती आणि उर्दू घेता येते, मराठी नाही. आपली बहुतेक मुलं हिंदी घेतात. मराठी घरातच टिकवावी लागते, जेवताना फक्त मराठी एवढा नेम आम्ही केला आणि तो लागू पडला.

मुलगा आहे म्हणून आणखी एक. काही वर्षांनी कायम रहिवासासाठी अर्ज करावासा वाटेल. आईवडिलांबरोबर कायम रहिवासी झालेल्या मुलाला मोठेपणी दोन वर्षं पूर्ण वेळ लष्करी सेवा करावी लागते, आणि त्यानंतरही बोलावणं येत राहतं. ती टाळून निघून गेलेल्यांना पुढे इथे शिकायला किंवा कामाला येणं कठीण होतं. हे आज ठरवायचं नाही, पण अर्ज भरताना दोघांनी नीट बोलून भरा.

सासूबाईंचं असं आहे: त्यांना लांब मुदतीचा पास मिळायला मुलाचा पगार किमान १२,००० लागतो. तोवर भेटीचा व्हिसा, तो अधिकृत एजंटमार्फत निघतो आणि मुक्काम साधारण महिन्याचा. येताना त्यांचा प्रवासविमा काढा, त्यात रुग्णालयाचा खर्च भरपूर रकमेचा असू द्या. साठीपुढचं माणूस इथे तीन दिवस रुग्णालयात राहिलं की नाशिकचं वर्षाचं बजेट जातं.

जेवणाची काळजी करू नका. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एकाच छताखाली खाण्याचे गाळे असतात तिथे, पोट स्वस्तात भरतं. शाकाहारी असाल तर 'व्हेजिटेरियन' म्हणून थांबू नका, "नो फिश, नो एग, नो श्रिम्प पेस्ट" असं सांगा. 'बेलाचान' नावाचं सुकटीसारखं वाटण इथल्या साध्या पालेभाजीतही असतं. चहा 'तेह', कॉफी 'कोपी', बिनदुधाची हवी तर 'ओ', बिनसाखरेची 'कोसोंग'. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर जागा धरलेली आहे. ताट स्वतः नेऊन ठेवायचं, नाही ठेवलं तर दंड होऊ शकतो. दुकानदार काका-मावशींना 'अंकल', 'आंटी' म्हणा, फार आपुलकीने बोलतात. एमआरटीत पाण्याचा घोटसुद्धा घेऊ नका, मुलाला बाटली द्यायची ती स्टेशनाच्या बाहेर. नळाचं पाणी मात्र थेट पिता येतं.

फोनवर कोणी पोलीस, बँक किंवा एमओएममधून बोलतोय म्हणाला आणि पैसे किंवा सिंगपासचा कोड मागितला, तर फोन ठेवा आणि १७९९ या फसवणूकविरोधी मदत क्रमांकावर विचारा. नवीन आलेल्यांनाच हे लोक गाठतात, कारण पास रद्द होण्याची भीती आपल्याला असते.

आणि तुमची शेवटची ओळ. पहिले तीन महिने जड जातात ताई, हे मी लपवत नाही. मुलगा शाळेत, नवरा ऑफिसात, आणि लिफ्टमध्ये कोणी मान वर करत नाही. माझं त्या दिवसांत एक ठरलेलं असायचं: सकाळी मुलाला सोडून खालच्या बाजारात, मग जवळच्या वाचनालयात दोन तास. तिथे बसून वाचायला कोणालाही मुभा आहे, एसी आहे, आणि तिथेच बसून मी माझे पहिले सतरा अर्ज लिहिले. महाराष्ट्र मंडळ सिंगापूरचा गणेशोत्सव असतो, नाटकं असतात. पहिल्या कार्यक्रमाला मी कोपऱ्यात बसले होते, दुसऱ्याला कोणीतरी मोदक वाटायला हाताला धरून उठवलं. आणि वेळेचा फरक अडीच तासांचा आहे. इथे दुपारी अडीच वाजले की नाशिकला बारा वाजलेले असतात, आईचा स्वयंपाक होऊन ती जरा टेकलेली असते. मी रोज तेव्हा फोन करायचे.